मोहफुलांचा हंडा

मित्रांनो, मी तांब्याचा हंडा आहे. वय झालं, अंग काळवंडलं, आता फार बोलवत नाही. पण तुम्ही विचारलंत, म्हणून सांगतो.

भंडाऱ्याच्या एका कासाराने मला ठोकून ठोकून घडवलं. एकाहत्तर साली पवनीच्या शकुनबाईने मला घेतलं आणि एस.टी.त सारा रस्ता मांडीवर धरून घरी नेलं. तिचे यजमान यादोराव हातमागावर लुगडी विणत. त्यांनी विणलेली किनार बघायला बायका मुद्दाम दारात थांबत.

पहिली दोन वर्षं माझ्यात अंघोळीचं पाणी तापलं. तेव्हा शेजारणी माझ्या लकाकीचं कौतुक करत. मग मागाला पुरेसं सूत मिळेनासं झालं आणि शकुनबाईने माहेरी शिकलेली विद्या बाहेर काढली. ती मोहफुलं मडक्यात भिजत घाली. पाच-सहा दिवसांत मडकं फसफसू लागे, फुलांतला गोडवा सरून त्याची दारू होई. ते आंबलेलं पाणी माझ्यात उकळायचं आणि थंड केलेली वाफ थेंबाथेंबाने खाली उतरायची. हे काम कायद्याला मान्य नव्हतं. शकुनबाईला ते माहीत होतं, मलाही. चुलीवर बसून बसून मी काळा पडलो. कौतुक संपलं, पण गिऱ्हाईक वाढलं. यादोरावही रोज संध्याकाळी पेला पुढे करू लागले.

यादोरावांचे मित्र टेकचंद लांबच्या साखर कारखान्यात कामाला होते. अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत ते गावी आले आणि माझ्याकडे बघून हसले.

"वयनी, आमच्या तिथं उसाची मळी सडवतात. टाक्या घरायेवढ्या! खमीर टाकलं का दोन दिवसांत काम होते. पण रीत तुमचीच हाये. गोड सडवायचं अन् वाफ धरायची."

"एवढ्याचं करता काय?"

"औषधात जाते, रंगात जाते." मग त्यांनी पिशवीतून एक डबा काढला. "हे लाकडाच्या पॉलिशचं स्पिरिट. पाणी मिसळलं का झालं. फुलं कायले सडवत बसता?"

शकुनबाईने वास घेतला आणि झाकण लावलं. "कोणी पिऊ नये म्हून यात विष घालतात ना?"

"थोडंसंच."

"ज्याले सडायले वेळच लागत नाही, ते मले नाही पाहिजे. ने हे घरातून."

टेकचंद डबा घेऊन गेले. यादोराव तेव्हा माग लावत होते. त्यांना शकुनबाई काहीच बोलली नाही. मित्राबद्दल कशाला मन कलुषित करायचं, असं तिला वाटलं असेल.

चार दिवसांनी गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली. भर दुपारी दंडारीचा नाचगाण्यांचा खेळ रंगला होता. टेकचंदांनी तिथे मित्रांना पाजलं, यादोरावांनाही.

दुसऱ्या सकाळी उन्हं अंगणात आली होती. यादोराव खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "शकुन, घरात धूर झाला काय वो?"

चूल अजून पेटलीच नव्हती.

त्या दिवशी गावात दोन माणसं दगावली. यादोराव वाचले, पण त्यांचे डोळे गेले. लोक म्हणू लागले, शकुनबाईचीच दारू बाधली. जमादार दारात आले. यादोराव ओरडून सांगत होते, "तिची नव्हती जी! टेकचंदनं पाजली!"

शकुनबाईने मला उचलून अंगणात आणलं. "माझी नव्हती, हे खरं हाये साहेब," ती म्हणाली. "पण डब्यात विष हाये, हे मले माहीत होतं. मी कोणाले बोलली नाही. यायलेही नाही. अन् प्यायची सवय तं याच हंड्यानं लावली."

यादोरावांनी तोंड फिरवलं. तिने सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली आणि माझ्या बुडात घातली. मी फार मोठ्याने वाजलो.

पुढे टेकचंदांना शिक्षा झाली, शकुनबाई दंड भरून सुटली. यादोरावांचे डोळे काही परतले नाहीत. कित्येक महिने ते तिच्याशी बोलले नाहीत. एक दिवस माग वाजू लागला, तेव्हा त्यांनी खाटेवरूनच विचारलं, "कोण बसलं?" शकुनबाई बसली होती. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, "ठोका जोरात पडून राहिला. हलक्या हातानं मार." त्यानंतर ते रोज तिच्याशेजारी बसून कांड्यांवर सूत भरू लागले. भरलेल्या कांड्या माझ्या पोटात ठेवत.

परवा एक कासार दारावरून गेला. मला पाहून म्हणाला, "तांबं चांगलं हाये बाई. डाग देऊन भोक बुजवतो, पाणी राहील."

"राहू द्या भाऊ," शकुनबाई म्हणाली. "सूत काही गळत नाही."

मित्रांनो, घरची भांडी जपा, घासा, फुटली तर सांधून घ्या. आणि कुठल्या डब्यात काय आहे हे ठाऊक असेल, तर ते मोठ्याने सांगा. मला मात्र डाग देऊ नका. मी फार थकलो आहे, आणि मी असाच बरा आहे.