डोंगरातल्या म्हातारीला अंगाई

“उतरव कपडे! किती वेळा सांगायचं?” गेनजुरोकाका ओरडले.

“नाही उतरवणार,” किसाकू म्हणाला. अंगावरचा गवताचा कोट त्यानं दोन्ही हातांनी गच्च धरला होता.

“डोंगरात गाणं म्हणायचं नसतं, एवढंही घरी शिकवलं नाही तुला? चूक केलीस, आता उघडं होऊन गार पाणी अंगावर घ्यायचं. बापजाद्यांपासून हेच चालत आलंय.”

“घे की रे,” तोरामात्सु दात काढत म्हणाला. “लाजतोस काय नव्या नवरीसारखा?”

बादली माझ्याच हातात होती. ओढ्यावरचा बर्फ फोडून मीच भरून आणली होती. मी ती सगळीच्या सगळी तोरामात्सुच्या पायांवर ओतली.

“घेतलं पाणी,” मी म्हणालो. “चला आता.”

तोरामात्सुनं माझी मान धरली, मी त्याच्या हाताला चावलो. सोडवायला चार जण लागले. मग काकांनी मलाच परत ओढ्यावर पाठवलं, दुसरी बादली आणायला. मी मुद्दाम हळू चाललो. डोकं नुसतं भणभणत होतं. बादली अंगावर पडली की सगळ्यांना कळणार होतं. किसाकू मुलगी होती.

मला पहिल्याच दिवशी कळलेलं. खरा किसाकू माझ्या ओळखीचा. देवळातल्या शाळेत तीन महिने आम्ही शेजारी बसायचो. मग मी भिक्षूबुवांना शाईचा दगड फेकून मारला आणि माझी शाळा संपली, ते जाऊ दे. किसाकू डावरा. त्यासाठी रोज छडी खायचा. आणि हा किसाकू जोड्यांच्या गाठी उजव्या हातानं मारत होता. चेहरा तोच, कान तेच. त्याला एक बहीण आहे हे मला माहीत होतं. बाकीचे सगळे लांबच्या वाड्यांवरचे, त्यांना काय कळणार?

खालच्या सरदारानं आमच्या गढीचा मिठाचा रस्ता तोडला होता. तीन महिने गढीत मीठ नाही. लहान पोरं भिंती चाटायला लागलेली. मग हुकूम आला, घरटी एक पुरुष द्या, डोंगरापलीकडून गढीत मीठ आणा. जो देणार नाही त्याचं घर जाळणार. किसाकूचा पाय झाडाखाली सापडून मोडलेला. बाप लढाईत गेलेला. म्हणून ही बहीण आली, केस कापून.

पण आमच्या डोंगराची देवी बाई आहे. म्हातारी, आणि दिसायला भयंकर. दुसरी बाई डोंगरात आली की ती जळते आणि बर्फाचा कडा सगळ्यांच्या अंगावर लोटते, असं म्हणतात. म्हणून आमचे म्होरके, गेनजुरोकाका, एक वाळका, कुरूप मासा छातीशी बाळगतात. तो दाखवला की म्हातारी खूश. आपल्यापेक्षाही वाईट कुणी दिसतं म्हणून. आमच्यात बाई आहे कळलं असतं तर कडा कोसळायच्या आधी आमच्याच लोकांनी तिला दरीत ढकललं असतं.

आणि ती गायली कुणासाठी? माझ्यासाठी. आदल्या संध्याकाळी माझे पाय लाकूड झाले होते. तिनं माझे जोडे सोडले आणि दोन्ही पाय आपल्या काखेत धरून बसली. मी रडत होतो. खोटं कशाला बोलू? ती हळूच गुणगुणायला लागली, तान्ह्या पोराला झोपवताना म्हणतात ते. तेवढंच काकांनी ऐकलं.

मी बादली घेऊन आलो तेव्हा काका तिच्या कोटाची दोरी सुरीनं कापत होते. मी तिच्याकडे धावलो. तेवढ्यात समोरचा कडा हलला.

कडा नव्हताच तो. नाक होतं. वर घराएवढे दोन डोळे उघडले. काकांनी मासा काढला.

“परत तोच मासा?” म्हातारी म्हणाली. “शंभर वर्षं झाली मेल्यांनो! वास तरी येतो का तुम्हाला त्याचा? काल कोण गात होतं?”

“मी!” मी ओरडलो.

“तू? तुझा आवाज म्हणजे जात्यात सापडलेला बेडूक. गप्प बस.”

किसाकूची बहीण पुढं झाली.

“मी,” ती म्हणाली.

“पोरगी आहेस,” म्हातारी म्हणाली.

सगळे बर्फात पालथे पडले. तोरामात्सु तर जपच करायला लागला.

“उठा रे! पहिल्या दिवसापासून माहितेय मला. मला बाया चालत नाहीत म्हणे. कुणी ठरवलं हे? मला कधी विचारलंत?” मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. “मला कुणी कधी झोपवलंच नाही गं. म्हणशील परत?”

असं ठरलं, की आम्ही मीठ घेऊन जायचं, आणि म्हातारीला झोप लागेपर्यंत पोरीनं तिथं राहायचं.

“मी पण थांबतो,” मी म्हणालो.

“नको, तू घोरतोस,” म्हातारी म्हणाली.

काकांनी आपलं अस्वलाचं कातडं काढलं आणि तिच्या खांद्यावर घातलं. कापलेल्या दोरीला स्वतः गाठ मारली.

“पांघर, किसाकू. पोराचा आवाज अजून फुटलेला नाही, एवढंच आम्ही ऐकलं. काय रे तोरामात्सु?”

“होय काका,” तो नाक पुसत म्हणाला. “एवढंच.”

मी तिच्या वाटचं मीठ पाठीवर घेतलं. “नाव काय तुझं?” मी विचारलं.

“सेन. पाय कोरडे ठेव, गाढवा.”

मीठ गढीत पोचलं. पोरांनी हात चाटून चाटून खाल्लं. पण सहा दिवस वारा नुसता घोंघावत होता, म्हणजे म्हातारी जागीच होती. मी रोज तटावर जाऊन ऐकायचो. काका म्हणायचे, “जेव तरी.” मी त्यांच्यावरच खेकसायचो.

आज सकाळी वारा पडला. एकदम. पानसुद्धा हलत नाही.

काका म्हणतात, बर्फ अजून भुसभुशीत आहे, उद्या सगळे मिळून जाऊ. उद्या? ती सहा दिवस गातेय वर. पाठीवर भाताचे गोळे बांधलेत, तिच्या मापाचे जोडेही विणलेत, वाकडे झालेत पण चालतील. आणि सेन हे नाव कुणाकडे बोललात तर गाठ माझ्याशी आहे, घर जाळतील तिचं. बस, आता बोलत नाही बसत. मला निघायचंय.