इथून खाली हात लावू नको

“वहिनी, भाव दिसून न्हाई राहिले,” हरिचंद फोनवर सांगत होता. “पान पांढरं फट. लोकं इचारून राहिले, आडत बंद केली का म्हणून.”

मंजुषा फोन कानाशी धरूनच पुढच्या खोलीत आली. कळमनुरीच्या बसस्टँडमागे, घराच्या या पुढच्या खोलीत ती आणि तिचा नवरा सोमेश्वर लोकांना वेबसाइट तयार करून द्यायचे. सोमेश्वरला जाऊन दोन वर्षं झाली होती. आता ती एकटीच होती ते सांभाळायला.

“काल होते ना भाव?”

“काल होते. आज सोयाबीन न्हाई, हळद न्हाई, काहीच न्हाई. जवळा बाजारात निस्ती बोंब झाली. आमचा जावई म्हणून राहिला, मोबाइलवर नवीन करून देतो. मी म्हनलं थांब, सोमेश्वरभाऊच्या हातचं हाय ते.”

“पाहते मी. संध्याकाळपर्यंत थांबा.”

तिने जवळा बाजार गावातल्या हरिचंदच्या, शेतमालाच्या अडत दुकानाचं पान उघडलं. मग शाळेचं, मग वधूवर मंडळाचं. तिन्ही पांढरी. तिला नवल वाटलं नाही. सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी वर्षभर कळवत होती की जुनी व्यवस्था बंद होणार आहे, तुमचा कोड नव्या पद्धतीने लिहून घ्या. जमलं तोवर तिने मुदत वाढवून घेतली होती. आता वाढवायला काही उरलं नव्हतं.

पानं वेगवेगळी असली तरी त्यांच्या पोटात फाइल एकच होती. ती सोमेश्वरने मुळात हरिचंदसाठी लिहिली होती. हरिचंदने सकाळी मालाचं नाव आणि आकडा भरायचा, फाइलने तो उचलून पानावर मांडायचा. पुढे तीच फाइल त्याने शाळेच्या सूचनांना जोडली, नंतर वधूवर मंडळाला. एकदा लिहिलेलं दुसऱ्यांदा लिहायचं नाही, हा त्याचा बाणा. त्यापायी एकदा फजितीही झाली होती. मंडळाच्या पानावर मुलींच्या नावापुढे उंची आली आणि उंचीपुढे ‘प्रति क्विंटल’. मंडळाचे बंडोपंत भर उन्हात चालत आले.

“पाच फूट दोन इंच प्रति क्विंटल? अरे, आमच्या पोरी काय मोंढ्यात विकायला उतरवल्यास का रे?”

“काका, हळदीच्या पानावरून उचललं होतं,” सोमेश्वर हात जोडून म्हणाला होता. “शकुन चांगलाय म्हणा.”

बंडोपंत रागावायला आले होते, चहा पिऊन गेले.

प्रतिक्षा मागून येऊन स्टुलावर बसली. ती नांदेडला इंजिनिअरिंग शिकत होती, सुट्टीला घरी आली होती. पडद्याकडे बघताच तिला कळलं.

“बाबांची फाइल ना? आई, आता ती काढून टाक. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी करू का?”

“आधी दुरुस्त होते का बघते.”

मंजुषाने बीएस्सी केलं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं, ही सवय तिच्या हाताला होती. तिने नव्या सर्व्हरला न कळणारी एक आज्ञा बदलली. तिच्या खालची दुसरी अडली. ती बदलली, तर वरची, आधी नीट झालेली, पुन्हा बिघडली. सोमेश्वरने सगळं एकात एक असं गुंफून ठेवलं होतं, की एक धागा ओढला की सगळं गोळा होऊन येई. दुपार उलटली तरी पान पांढरंच होतं.

“हे काय गं?” प्रतिक्षाने बोट ठेवलं.

फाइलच्या मध्यावर एक ओळ होती. ओळीच्या आधी दोन तिरप्या रेघा दिल्या की संगणक ती सोडून पुढे जातो. तेवढी ओळ फक्त माणसासाठी असते. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. प्रतिक्षाने मोठ्याने वाचलं, “मंजू, इथून खाली हात लावू नको. चालून राहिलंय.”

ती हसली. मग हसायची थांबली. “तू मला कधी दाखवलं नाहीस.”

“दाखवायचं काय त्यात? कामाची सूचना आहे.”

“मग जुन्याची एक कॉपी ठेव ना. नाव बदलून ठेव. जाते कुठं?”

“ठेवीन.”

कॉपी राहणार हे मंजुषाला माहीत होतं. पण कोणतंच पान जिला हाक मारत नाही, ती फाइल नुसती पडून असते. ही फाइल पडून नव्हती. तेराव्याला आलेला हरिचंद बाकी काही सुचेना म्हणून बोलून गेला होता, “भाऊ गेले, पन दुसऱ्या दिवशी भाव बराबर आले, वहिनी.” आजूबाजूच्या बायकांना ते विचित्र वाटलं होतं. मंजुषाला नव्हतं वाटलं.

तिने कोरी फाइल उघडली आणि लिहायला घेतलं. प्रतिक्षा मध्येच एखादी आज्ञा सुचवत होती. मध्यावर आल्यावर मंजुषाने जुन्यातली ती ओळ उचलून इथे चिकटवली. थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली. खालचं सगळं आता तिचं स्वतःचं होतं. तिथे हात लावायला तिला कोणाची मनाई नव्हती. सूचना खोटी होत होती. तिने ती पुसली.

मग जुन्या फाइलला वेगळं नाव दिलं. सॉफ्टवेअरने नेहमीप्रमाणे विचारलं, हिला जोडलेली पानं या नव्या नावाकडे वळवायची का? खाली पानांची यादी आली. अडत, शाळा, मंडळ. ‘हो’ म्हटलं असतं तर सगळी पानं जुन्या फाइलच्या मागोमाग गेली असती.

“आई, नको म्हण,” प्रतिक्षा हळूच म्हणाली.

“माहीत आहे.”

तरी तिचा हात माउसवर तसाच होता. मग तिने ‘नको’ दाबलं. रिकाम्या झालेल्या नावावर आपली फाइल ठेवली आणि सर्व्हरवर पाठवली.

दिवेलागणीला हरिचंदचा फोन आला.

“आलं बघा, वहिनी. सोयाबीन, हळद, समदं बराबर. पयलं होतं तसंच, काडीचा फरक न्हाई.”

“बरं झालं.”

“मी जावयाला म्हनलं, बघ, येला म्हणतात काम. मानूस गेलं, दोन वर्षं झाले, पन भाऊनं लिहिलेलं आजून चालून राहिलं.”

प्रतिक्षा काही बोलणार होती. मंजुषाने तिला हातानेच थांबवलं.

“व्हय,” ती म्हणाली. “पक्कंच होतं त्यांचं.”

फोन ठेवून तिने पडद्यावरचे आजचे भाव वरपासून खालपर्यंत वाचले, एकेक आकड्यावर थांबून, जणू तिलाच माल विकायचा होता.