कोणती माशी?

"कोणती माशी लावलीस?" पाण्यात उतरता उतरता ड्वाइटने ओरडून विचारलं.

"बारकी," हार्लन म्हणाला.

ड्वाइटने, आमच्या जुन्या दोस्ताने, मला डोळा मारला. दर मे महिन्यात एक शनिवार-रविवार आम्ही पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या या नदीवर येतो, आणि हार्लनचं उत्तर ठरलेलं. आमच्या गळांकडे ढुंकूनही न पाहणारे ट्राउट मासे त्याच्या माशीवर तुटून पडायचे, आणि कुणी विचारलं की हा बाबा म्हणायचा, बारकी. पिसं आणि रेशमी दोरा गळावर गुंडाळून तो त्या माश्या हिवाळाभर तळघरात बसून बांधायचा आणि आम्हा सगळ्यांना वाटायचा. यंदा वाटल्या नव्हत्या. म्हातारा चिक्कू झालाय, असं ड्वाइट सकाळपासून म्हणत होता आणि मी हसल्यासारखं करत होतो.

हार्लन माझ्या बहिणीचा नवरा. जन्मभर शाळेची बस चालवली. आमच्या गावातली निम्मी माणसं त्याचा ओरडा खाऊन मोठी झाली. निघायच्या आधी लोरेनने, म्हणजे माझ्या बहिणीने, मला गॅरेजमध्ये गाठलं. चर्चला जाताना तो रस्ता चुकला होता, आणि चुकलाय हे कबूल न करता पेट्रोल संपेपर्यंत गाडी फिरवत राहिला होता. हे सांगताना ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"त्याचं नीट चाललंय का ते बघ," ती म्हणाली, "आणि मला खरं सांग, एल्विन. आता याचं जमत नाही म्हणालास, तर पुढल्या वर्षापासून नाही पाठवणार मी त्याला."

असली जबाबदारी शत्रूवरही येऊ नये.

दुपार कलली तशा पाण्यात वाढणाऱ्या खऱ्या माश्या पंख फुटून वर येऊ लागल्या आणि त्या खायला नदीभर मासे उसळ्या मारायला लागले. हार्लन वरच्या डोहात कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्याची दोरी फेकण्याची लकब पाहत राहावी अशी. गळाची काठी मागे जायची, क्षणभर थांबायची, मग दोरी आवाज न करता पाण्यावर उतरायची. मला बरं वाटलं. लोरेनला काय सांगायचं तेही मनात जुळवून ठेवलं. मग मी जवळ गेलो, आणि दोरीच्या टोकाला माशीच नव्हती.

तुटली असेल, झाडाला अडकली असेल. कुणाचीही तुटते. मी तसं म्हणालो, तर तोही हसला, अरेच्चा म्हणाला. डबी उघडून त्याने एक माशी काढली. एका हातात ती, दुसऱ्या हातात दोरीचं टोक. आणि तो थांबला. दोन्ही हातांकडे आळीपाळीने बघत राहिला. साधी गाठ, आम्हाला सगळ्यांना त्यानेच शिकवलेली.

"आण, मी बांधतो," मी म्हणालो. "चष्मा विसरलास वाटतं."

चष्मा त्याच्या नाकावर होता. त्याने दोन्ही माझ्या हातात दिलं. मी गाठ मारली आणि माझ्या जागी परत गेलो, कारण तिथे उभं राहणं मला सोसेना.

ज्याला मासा लागला नाही त्याने जेवणाची भांडी घासायची, हा आमचा नियम. हार्लनवर ही पाळी कधी आलीच नव्हती. ड्वाइटला आधी फार मजा वाटली. पण हार्लन एकच ताट परत परत धुतोय हे दिसल्यावर तो उठून ताटं पुसायला त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

रविवारी सकाळी मी न्याहारीला स्क्रॅपल, म्हणजे डुकराच्या मांसाच्या वड्या, तळत होतो तेव्हाच हार्लन पाण्यात शिरला होता. मी घाईघाईने गेलो. दोरी पुन्हा मोकळी होती, आणि मी बांधलेली माशी त्याच्या टोपीच्या पट्टीत खोचलेली.

"हार्लन, माशी राहिली रे."

"माहीत आहे. काल दुपारी नव्हतं माहीत, खोटं कशाला बोलू. पण ही मीच काढली." त्याने काठी खाली केली. "माशी असली की मासा लागतो. काल तू गेलास आणि लागला. चांगला मोठा होता. आणि मला काही सुचेना बघ. दोरी सोडायची का ओढायची, हात कुठे धरायचा. तो तिकडे तडफडतोय आणि मी नुसता उभा. शेवटी तोच सुटला बिचारा."

मी बांधून देतो, बाजूला उभा राहतो, सांगत जातो, असं काहीबाही मी बोललो. त्याने मान हलवली.

"लोरेनने तुला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय ना?"

मी त्याच्या टोपीतल्या माशीकडे बघितलं.

"अजून फेकता येतं मला," तो म्हणाला. "तेवढं तिला सांग."

त्याने काठी उचलली. समोरच्या काठालगत, वाकलेल्या फांदीखाली, एक मासा सारखा वर येत होता. तिथे दोरी पोचवणं आमच्यातल्या कुणाच्या बापाला जमलं नसतं. हार्लनने फांदीखालून दोरी घातली. टोक माशाच्या थोडं वरच्या अंगाला, पाणी न हलवता टेकलं आणि वाहत त्याच्या तोंडापर्यंत गेलं. मासा वर आला, दुसरंच काहीतरी गिळून खाली गेला. हार्लनने दोरी मागे घेतली आणि पुन्हा तिथेच फेकली.

लोरेनला काय सांगायचं ते काही केल्या सुचत नव्हतं.

मागे काठावर ड्वाइट कॉफीचा कप घेऊन आला होता. त्याने तोंडाशी हात धरून मला हाक मारली.

"फेक बघ काय आहे म्हाताऱ्याची! कोणती माशी लावलीय आज?"

हार्लनने वळून पाहिलं नाही. पण दोरी फेकायची थांबवून काठी त्याने वरच धरून ठेवली.

"बारकी," मी म्हणालो.