रिकाम्या बॅगेचा सोनेरी टॅग

विमानतळावर तुम्ही लांबलचक रांगेत उभे असता. एक पाय अवघडला म्हणून दुसऱ्यावर भार देता. तेवढ्यात शेजारच्या मोकळ्या वाटेने एक गृहस्थ काळी चाकाची बॅग ओढत, कोणाकडेही न बघता, सरळ पुढे निघून जातात. तुम्ही काहीतरी पुटपुटता. त्या बॅगेच्या मुठीला लटकलेला, जाता जाता तुमच्याकडे बघून चमकलेला सोनेरी टॅग म्हणजे मी. तुम्ही काय पुटपुटलात ते मला ऐकू आलं होतं. मला ते कौतुक वाटलं.

माझा जन्म काही सोन्याच्या खाणीत झाला नाही. एका कारखान्यात प्लास्टिकच्या मोठ्या तुकड्यातून, यंत्राच्या एकेका ठोक्याला, आम्ही चाळीस-चाळीस भाऊ बाहेर पडायचो. आमची थप्पी ज्या यंत्राखाली गेली तिथे सोनेरी रंग भरलेला होता. शेजारच्या यंत्राखाली गेलेले माझे सख्खे भाऊ चंदेरी झाले. त्या दिवसानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. हे आम्ही कोणाकडून शिकलो ते सांगायला नको.

मग एका विमान कंपनीचं पत्र सोबत घेऊन मी मालकांच्या घरी पोचलो. दवाखान्यांना लागणारी यंत्रं विकणाऱ्या कंपनीत मालक मोठ्या हुद्द्यावर आहेत. महिन्यातले निम्मे दिवस ते विमानात असतात. वर्षात पन्नास उड्डाणं केल्याबद्दल कंपनीने त्यांना ‘सुवर्ण सभासद’ केलं होतं. पत्र त्यांनी तीनदा वाचलं, मला बॅगेच्या मुठीत अडकवलं आणि बॅग दिवाणखान्यात अशी उभी केली की दारातून येणाऱ्याला आधी मी दिसावा. मालकीणबाईंनी ती दोनदा आत नेऊन ठेवली. दोन्ही वेळा ती परत बाहेर आली.

विमानतळावर मालकांना सगळे ‘सर’ म्हणतात. घरी त्यांचे वडील त्यांना ‘गुंड्या’ म्हणतात आणि पायपुसण्यावर पाय पुसून आत यायला सांगतात. त्यामुळे मालकांना विमानतळच घरासारखा वाटू लागला असावा.

तिथला आमचा थाट काय सांगू. आमची रांग वेगळी, आमचा काउंटर वेगळा. लाउंज नावाच्या खोलीत आम्हाला फुकट कॉफी आणि पाव मिळायचा. पाव बाहेरच्यासारखाच, पण बशी जड असायची. तिथली माणसं एकमेकांकडे पाठ करून बसत. टॅग तेवढे बाहेरच्या बाजूला वळवून ठेवत. विमानात सगळ्यांत आधी आम्हाला बसवत. मग ज्यांना मागे टाकून आलो, त्यांचीच वाट बघत आम्ही अर्धा तास बसून राहायचो. विमानाला उशीर झाला तर तो सोनेरी-चंदेरी बघून होत नसे. फक्त आमची माफी आधी मागितली जायची.

परदेशातून येताना किंवा तिथे उतरताना शेवटी कस्टम्स, म्हणजे आणलेल्या सामानाची जकात-तपासणी लागते. तिथे दोन दारं असतात. ज्यांच्याकडे काही सांगण्यासारखं आहे त्यांनी लाल दारातून जायचं, ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी हिरव्या. आम्ही नेहमी हिरव्या दारातून, मान ताठ ठेवून निघायचो.

आता आबांबद्दल सांगतो. आबा म्हणजे मालकांचे वडील. त्यांनी चाळीस वर्षं बसच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात पत्र्याचं काम केलं. पत्रा कापायचा, ठोकून बाक द्यायचा, रिव्हेटचे खिळे मारून सांगाड्यावर बसवायचा. अजूनही रस्त्याने बस गेली की ते आत कोण बसलंय ते बघत नाहीत, कडेचा पत्रा बघतात. त्यांना एकच हौस होती. विमानाचा पंख जवळून बघायचा. एवढा मोठा पत्रा, एवढ्या वाऱ्यात, जोडतात कसा, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

घाई होती ती डोळ्यांमुळेच. आबांना काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, आणि आहे ती वर्षभर टिकेल की कमी, याची खात्री देता येत नाही.

मालक वडिलांवर माया करत नव्हते असं नाही. आबांना न्यायचं हे ठरलेलंच होतं. पण साधं न्यायचं नव्हतं. सुवर्ण सभासदाला लाउंजमध्ये सोबत एक पाहुणा नेता येतो. ‘आबा, तुम्हाला मानाने नेणार. रांगेत उभं राहायचं नाही, जड बशीत खायचं,’ असं ते सांगायचे. आबा म्हणायचे, मला रांगेचं काही नाही रे. पण मालकांना होतं. दर वेळी काहीतरी आडवं यायचं आणि ‘पुढच्या खेपेला’ ठरायचं. पाहुण्याची जागा मात्र त्यांनी कधी वाया घालवली नाही. एकदा साहेबांना नेलं, एकदा साहेबांच्या मेव्हण्यांना. एकदा कोणीच नव्हतं म्हणून पंख्याखाली घाम पुसत बसलेल्या एका अनोळखी गृहस्थांना नेलं. त्यांनी चार पाव खाल्ले आणि निरोप न घेता निघून गेले.

असं करता करता डिसेंबर आला आणि मालकांच्या लक्षात आलं की त्या वर्षात अठ्ठेचाळीसच उड्डाणं झाली आहेत. दोन कमी पडली तर मी जाणार. तेव्हा त्यांनी जे केलं ते फक्त फार विमानप्रवास करणाऱ्यालाच सुचू शकतं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी शेजारच्या देशाचं तिकीट काढलं. सकाळी जायचं, उतरायचं आणि दोन तासांनी त्याच विमानाने परत यायचं. तिथे त्यांचं काहीएक काम नव्हतं. घरी मात्र कामाला चाललोय असंच सांगितलं.

बॅगेत काहीच भरायचं नव्हतं. पण बॅग नेली नाही तर मला अडकवणार कुठे? म्हणून रिकामी बॅग घेतली. मालकीणबाईंनी ती सहज उचलून बाजूला केली आणि थांबल्या.

“अहो, बॅग फारच हलकी लागतेय.”

“एका दिवसाचंच काम आहे.”

त्यांनी मूठ सोडली. आबा दारापर्यंत आले. त्यांनी मालकांच्या दंडाला धरून सांगितलं, “गुंड्या, पंखाकडे बघून ये. रिव्हेटच्या रांगा सरळ असतात का, आणि डोकी वर येतात का पत्र्यात बसवलेली असतात, एवढं सांग मला.”

मालक हो म्हणाले. मग विमानात सवयीप्रमाणे पुढची, वाटेकडची जागा घेतली आणि विमान उडायच्या आधीच झोपले. शेजारच्या दोन्ही जागा रिकाम्या होत्या.

त्या देशात उतरून आम्ही हिरव्या दाराकडे निघालो. दाराशी कस्टम्सच्या एक बाई उभ्या होत्या. केस पिकलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी बॅगेकडे पाहिलं, बॅग ओढणाऱ्याच्या हाताकडे पाहिलं आणि आम्हाला बाजूला घेतलं. रिकामी बॅग ओढताना माणसाच्या खांद्यावर ताण येत नाही, हे त्यांनी ओळखलं असावं. विचारपूस सुरू झाली. कशासाठी आलात, असं त्यांनी विचारलं.

“परत जायला,” मालक म्हणाले.

खरं बोलून माणूस इतका अडचणीत आलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. बाईंनी बॅग उघडली. आत काही नव्हतं. अंगावरचे कपडे सोडून दुसरा सदराही नसलेला प्रवासी म्हणजे त्यांच्या लेखी सगळ्यांत संशयास्पद प्रवासी. अस्तर चाचपून झालं, चाकं काढून झाली, मूठ उघडून झाली. मग त्यांनी मला काढलं. वाकवलं. नखाने माझी कडा खरवडली. सोनेरी रंगाखालून साधं करडं प्लास्टिक बाहेर आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालक परोपरीने समजावत होते की याच्यासाठीच आलो, हा टॅग टिकावा म्हणून. बाईंनी मला टेबलावर ठेवलं, चष्मा लावला आणि माझ्याकडे नीट बघितलं. आपल्या नोकरीत माणसं काय काय लपवून आणतात ते आपण खूप पाहिलं, पण काहीच न आणता इतका घाम फुटलेला माणूस पहिलाच, असं त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. मग फॉर्म पुढे ओढून त्या एकेक रकाना भरू लागल्या. सोबत कोण? कोणी नाही. शेजारी कोण बसलं होतं? जागा रिकामी होती. घरी कोण कोण? पत्नी, वडील.

“वडील विमानात बसलेत कधी?”

“नाही. खूप इच्छा आहे त्यांची.”

बाईंनी लिहिणं थांबवलं नाही. मान खालीच ठेवून त्या म्हणाल्या, “मग आज त्यांना का नाही आणलंत? तुम्ही तर रिकामेच येत होतात.”

मला वाटतं हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता.

मालकांनी टेबलावर पडलेल्या माझ्याकडे पाहिलं. लाउंज, मान, जड बशी, यातलं काहीही त्या टेबलावर मांडण्यासारखं नव्हतं. हिरव्या दारातून इतक्या वेळा गेलेल्या माणसाला लाल दारातून जाता येईल असं त्या दिवशी पहिल्यांदा काही सापडलं होतं, पण ते सांगता येत नव्हतं.

मला परत मुठीत अडकवून आम्हाला सोडलं तेव्हा आमचं विमान निघून वीस मिनिटं झाली होती. आमच्या कंपनीचं पुढचं विमान दुसऱ्या दिवशी, म्हणजे नव्या वर्षात होतं. दुसऱ्याच एका कंपनीच्या विमानात मधली जागा मिळाली, शेवटून दुसरी रांग. दोन्ही बाजूंना दोन धिप्पाड माणसं झोपलेली. मालक संपूर्ण वेळ खिडकीकडे बघायचा प्रयत्न करत होते. मध्ये एक मोठा खांदा होता.

घरी आलो तेव्हा आबा दिवाणखान्यातच बसले होते. त्यांनी पहिलं तेच विचारलं, पंख बघितलास का. मालक बराच वेळ पायपुसण्यावर पाय पुसत राहिले.

“नाही बघितला, आबा. आणि काम पण काही नव्हतं.”

आबांनी कसलं काम, का नव्हतं, काहीच विचारलं नाही. ते म्हणाले, “बरं, हातपाय धू.” मालक हातपाय धुवायला गेले नाहीत. तिथेच उभ्या उभ्या त्यांनी मोबाईल काढला आणि पुढच्या आठवड्यातली दोन तिकिटं काढली. साधी.

त्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. आपणास चंदेरी सभासद करताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे, असं त्यात लिहिलं होतं. आत माझा एक धाकटा भाऊ होता. मालकांनी पाकीट कपाटावर टाकलं. मला काढायचं मात्र ते विसरले, म्हणून पुढचं सगळं मला बघायला मिळालं.

आबांना घेऊन निघालो त्या दिवशी आम्ही रांगेत उभे राहिलो. पाऊण तास. मालक सारखी माफी मागत होते आणि आबांची करमणूक चालली होती. पुढच्या कुटुंबाची मुलगी शिकायला चाललीय, मागच्या जोडप्याचं भांडण झालंय, तपासणीच्या यंत्राचा पट्टा एका बाजूला घासतोय, हे सगळं त्यांनी पाऊण तासात शोधून काढलं. मग विमानाच्या दारापाशी बाकावर बसलो असताना ‘सुवर्ण सभासदांनी प्रथम यावे’ अशी घोषणा झाली आणि मालक सवयीने उठले. आबा म्हणाले, “जा, तुला बोलावतायत.” मालक म्हणाले, मला नाही, आणि परत खाली बसले. मला वाटलं होतं मी त्या क्षणी लाजेने गळून पडेन. तसं काही झालं नाही. मग आमची रांग लागली, पुढे सरकली, आम्हीही सरकलो.

साध्या तिकिटाला जागा निवडता येत नाही. आमच्या वाट्याला आली ती नेमकी पंखावरची. मालकांचा चेहरा पडला. “आबा, पंख मध्ये येतोय. खालचं काहीच दिसणार नाही.”

“खालचं कोणाला बघायचंय?” आबा म्हणाले.

त्यानंतर बॅग वरच्या कप्प्यात गेली, दार बंद झालं आणि मला काही दिसेना. ऐकू तेवढं येत होतं. विमान उडालं. आबांनी खिडकीच्या काचेवर बोटाने टकटक केली. मग हळूहळू बोलू लागले. डोकी पत्र्यात बसवलीत, वर काढलेली नाहीत. जोड एकावर एक आहे. वाऱ्याने पंख वाकतोय, वाकायलाच पाहिजे, ताठ असता तर मोडला असता. मालक मध्ये मध्ये विचारत होते. कुठे? कुठला जोड? मग आबा त्यांना सांगत, असा वाक, माझ्या बोटाच्या रेषेत बघ. इतकी वर्षं विमानात बसणारा माणूस आणि पहिल्यांदाच बसणारा माणूस, यांतलं कोण कोणाला विमान दाखवतंय हे कप्प्यातल्या अंधारात मला कळेना.

“बघितलंस?” शेवटी आबांनी विचारलं.

“बघतोय,” मालक म्हणाले.

या गोष्टीला दोन वर्षं होत आली. आबांची नजर आता खूपच कमी झाली आहे. उजेड आणि सावली एवढंच कळतं. मालक अजून विमानाने जातात, कमी जातात. चंदेरी टॅग कपाटावरच पडून आहे. मला मात्र आबांनी मागून घेतलं, बक्कल मजबूत आहे म्हणून. मी आता त्यांच्या कापडी पिशवीला असतो. त्या पिशवीत त्यांचे डोळ्यांचे कागद आणि थेंबांच्या बाटल्या असतात. डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर सगळ्यांच्याच पिशव्या एकत्र ठेवतात. आबा हात फिरवत येतात, कस्टम्सच्या बाईंनी खरवडलेली माझी कडा बोटाला लागली की पिशवी उचलतात. मग शेजारी बसलेल्याला पंखाबद्दल सांगतात. ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तो पंख आता आबांइतकाच दिसतो.

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगणं आहे. दवाखान्याच्या बाकावर कधी अशी पिशवी दिसली तर कृपा करून इकडची तिकडे सरकवू नका. आबांनी ती कुठे ठेवली ते त्यांच्या हाताला माहीत असतं. आणि मी कोणत्या रंगाचा आहे हे त्यांना सांगू नका. त्यांनी मला ते कधी विचारलेलं नाही.