न बसवलेला पाठ

"अहो बाई, निदान चार पोरांकडून तरी उत्तरं पाठ करून घ्या!" मी अक्षरशः हात जोडले. "सगळ्या शाळांचे शिक्षक येतायत. फजिती होईल हो!"

"होऊ दे," गोदाबाई फळा पुसत म्हणाल्या. "रचना, बसवलेलाच पाठ दाखवायचा, तर त्यांनी शिकायचं काय आणि मी तरी काय?"

शिक्षण परिषदेतला नमुना पाठ आधी बसवायचा, ही आम्हा शिक्षकांची रीतच. हात कोणी वर करायचा, बोलायचं कोणी, सगळं ठरलेलं. गोदाबाईंचे असे पाठ नावाजलेले. दिवाळीनंतर रिटायर होणार, हा शेवटचा पाठ. गुपचूप टाळ्या घेऊन जायचं की नाही? मला रागच आला.

आमच्या ठाकुर्लीच्या शाळेत पाहुणे मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसले. चौथीचा वर्ग, विषय अपूर्णांक. बाईंनी कागदाला घड्या घालून दोन भागांतला अर्धा दाखवला, चार भागांतला पाव दाखवला.

"समजलं का?"

"होऽऽ!" वर्ग एका सुरात.

हुश्श, सुटलो, मला वाटलं. पण बाई म्हणाल्या, "ज्यांना नाही समजलं त्यांनी सांगा. मी थांबते."

आणि खरंच थांबल्या. मागे कुजबुज सुरू झाली. बाईंनी खडू खाली ठेवला. सावरा की हो आता, मी मनातल्या मनात ओरडत होते.

खिडकीजवळची सान्वी उठली. खाडीकडच्या गावातली, वर्गात कधी तोंड न उघडणारी.

"बाई, मना नाय समजला. चार मोठा हाय ना, मंग पाव बारका कसा?"

मागे पाहुण्यांमधले प्रीतम सर फिसकन हसले. झालं! मी मान खाली घातली.

गोदाबाईंचा चेहरा मात्र उजळला. "अगं, किती छान विचारलंस! आणखी कुणाला असंच वाटतं?"

एक हात वर आला, मग दोन, मग अर्धा वर्ग. मघाशी 'हो' म्हणणारेच सगळे!

बाईंनी फरशीवर बसकण मारली. कोरा कागद सान्वीला दिला. "ही भाकरी. दोघींना वाट. आता दुसरी घे, चौघींना वाट."

सान्वीने फाडलं, तुकडे शेजारी ठेवले, बघत राहिली. "मानसा जास्त, तं तुकरा बारका!" ती ओरडलीच.

घंटा झाली, चहा आला, कोणी उठेना. प्रीतम सर पुढे आले. "बाई, माझाही वर्ग नुसता 'होऽऽ' करतो. काय करू?"

"बसा," बाई म्हणाल्या आणि सरकल्या. सर सान्वीशेजारी मांडी घालून बसले.

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातून तसंच "होऽऽ" आलं. मी खडू खाली ठेवला आणि थांबले.