दोन तळांची कुंडी

मित्रांनो, मी मातीची कुंडी आहे आणि वयानं बरीच जुनी आहे. इतर कुंड्यांना एक तळ असतो, मला दोन आहेत. वरच्या तळावर माती आणि रोप, खालच्या पोकळीत पाणी. वरच्या तळाच्या मधोमध एक खोलगट वाटी खाली उतरते आणि त्या पाण्यात टेकते. वाटीतली माती पाणी शोषून घेते आणि ओल हळूहळू मुळांपर्यंत चढते. पाणी जास्त झालं, तर माझ्या कुशीला एक भोक होतं, तिथून ते वाहून जायचं.

ही सगळी रचना निंगव्वाची. माझी गोष्ट सांगायची म्हणजे तिचीच सांगावी लागते.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या कडेला काही कुंभारांची घरं होती. त्यांतल्या एका घरात शंकरप्पा चाक फिरवायचा आणि त्याची बायको निंगव्वा माती मळायची, मडकी थापटून गोल करायची. बाईनं चाकाला हात लावायचा नाही, अशी त्या घराची रीत होती. निंगव्वानं ती कधी मोडली नाही. पण मातीच्या वळ्या एकावर एक चढवून ती हातानंच काहीबाही घडवत बसायची.

तेव्हा मी अंगणातल्या ढिगातली नुसती माती होते. एकदा मथुराबाई कुंड्या घ्यायला आल्या. दवाखान्यातली नर्सची नोकरी संपवून त्या एका चाळीत एकट्या राहत होत्या. मोगऱ्याचं त्यांना फार वेड.

"बार्शीला भावाकडे गेले की माझी झाडं वाळतात गं," त्या निंगव्वाला म्हणाल्या. "शेजारीण पाणी घालते, पण आठवण झाली की बादलीभर ओतते, नाहीतर थेंब नाही. झाडाला लागेल तेवढंच पाणी देईल अशी कुंडी नाही का होत?"

निंगव्वा हसली, पण ते बोलणं तिच्या मनात राहिलं. पुढं एका दुपारी रांजणाखाली सांडलेल्या पाण्याकडे बघताना तिला दिसलं, की पाणी जमिनीवर आहे आणि मागच्या मातीच्या भिंतीला ओल मात्र हातभर वर चढली आहे. ती बराच वेळ त्या भिंतीला हात लावून उभी होती.

तिनं पहिली कुंडी केली. शंकरप्पा म्हणाला, "कुंडीच्या पोटात पाणी साठवून कुटं झाड जगतंय व्हय? आपल्या बापजाद्यांनी खाली भोक पाडलं ते काय उगीच?" तरी त्यानं ती भट्टीत लावली. मथुराबाईंनी हौसेनं तिच्यात मोगरा लावला. आणि मोगरा मेला.

वाळून नाही, कुजून मेला. मथुराबाई कुंडी घेऊन परत आल्या, तेव्हा रोपवाटिकेचे मालक आबासाहेब अंगणातच बसले होते. त्यांनी कुंडीत डोकावून नाकाला रुमाल लावला.

"शंकरप्पा, बायकोचं ऐकून धंदा करायला लागलास की काय?" असं म्हणत ते हसले आणि त्या वर्षीच्या कुंड्या दुसऱ्या कुंभाराला सांगायला निघून गेले.

निंगव्वानं कुणाकडे बघितलं नाही. तिनं कुंडी पालथी केली, माती चिवडली, काळी पडलेली मुळं बोटांवर घेतली, वास घेतला. "समदा तळच पाण्यात बुडलाय," ती मथुराबाईंना म्हणाली. "जास्तीचं पानी भायेर जायला वाटच न्हाय ठेवली मी. जरा दम धरा बाई. मी पुन्ना करते."

पुढच्या खेपेला तिनं पाच कुंड्या घडवल्या. त्यांतली एक मी. या वेळी वरचा तळ उंच होता, पाण्यात टेकायला फक्त वाटी होती आणि कुशीला भोक होतं. मला मागच्या पडवीत सावलीला ठेवलं होतं, कारण माझा काठ अजून ओला होता. बाकीच्या चौघी अंगणात वाळत होत्या.

आबासाहेबांचं काम गेल्याचा राग शंकरप्पाच्या डोक्यातून उतरला नव्हता. बाजारातून तो तसाच तणतणत आला, त्या चौघी उचलल्या आणि माती भिजवायच्या खड्ड्यात टाकल्या. कच्ची मडकी पाण्यात पडली की विरघळतात. निंगव्वा धावत आली, तोवर काठ ढासळले होते.

"लोक हसत्यात मला," तो ओरडला.

खड्ड्याच्या कडेला बसून तिनं तो चिखल पुन्हा मळायच्या ढिगावर काढला. मग पडवीत येऊन माझा काठ ओल्या फडक्यानं पुसला आणि भट्टी लागली तेव्हा मला स्वतःच्या हातानं आत ठेवलं.

मी मथुराबाईंच्या गॅलरीत गेले. त्यांनी मोगरा लावला, मला पाणी पाजलं आणि त्या बार्शीला गेल्या. परत आल्या तेव्हा मोगऱ्याला नवी पालवी होती. तशाच त्या मला रिक्षात घालून कुंभाराच्या अंगणात घेऊन गेल्या.

"शंकरप्पा, बघा तुमच्या बायकोची करामत!"

निंगव्वा दारात उभी होती. तिची नजर मोगऱ्यावर नव्हती, नवऱ्याच्या तोंडावर होती. शंकरप्पानं माझ्या कुशीच्या भोकात बोट घातलं. बोट ओलं झालं. ते त्यानं धोतराला पुसलं आणि म्हणाला, "एखादं लागतंय नशिबानं." मग तो चाकाकडे गेला. निंगव्वा आत गेली. त्यानंतर तिनं अशी कुंडी केली नाही.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. माती भिजवायला पाणी मिळेना, मग मडकी कशाची घडणार? चाक थांबलं. निंगव्वा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. तिकडं चाळीतल्या नळालाही कधीमधीच पाणी यायचं. मथुराबाई भाजी धुतलेलं पाणी तेवढं मला घालायच्या. मी ते पोटात जपून ठेवायची आणि थोडं थोडं मोगऱ्याला द्यायची. चाळीतल्या बाकीच्या कुंड्या उन्हाळ्यात ओस पडल्या. मोगरा मात्र फुलला आणि माणसं तो बघायला जिना चढून येऊ लागली.

अशाच एका सकाळी शंकरप्पा निंगव्वाला घेऊन गॅलरीत आला. तिच्या उजव्या हाताला लुगड्याचा फाटका पदर गुंडाळलेला होता आणि तो रक्तानं भिजला होता. दगड सरकून बोटं चेंगरली होती. मथुराबाईंनी हात उघडून बघितला आणि लगेच पायांत चपला घातल्या.

त्या कुलूप लावेपर्यंत निंगव्वा माझ्याशेजारी टेकली. डाव्या हातानं तिनं माझी माती चाचपली. "ओल हाय की," ती म्हणाली. शंकरप्पा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी हात वाचवला. बोटं मात्र पुन्हा वळली नाहीत.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. गावभर झालेलं मोगऱ्याचं नाव आबासाहेबांच्या कानावर गेलं. ते अंगणात येऊन म्हणाले, "तसल्या कुंड्या पायजेत. जेवढ्या होतील तेवढ्या." शंकरप्पा हो म्हणाला आणि नमुन्यासाठी मला मथुराबाईंकडून मागून घेऊन आला.

त्यानं मला समोर ठेवून पहिली कुंडी केली. भट्टीत तिची वाटी तळापासून सुटून आली. दुसरीला तडा गेला. तो वाटी चाकावर करून मागाहून चिकटवत होता. निंगव्वा उंबऱ्यावर बसून बघत होती.

"एकाच वळीनं खाली उतरायचं," शेवटी ती म्हणाली. "जोड द्यायचा न्हाय. आतनं अंगठा आन् भायेरनं दोन बोटं."

त्यानं केलं. तिनं मान हलवली. त्यानं पुन्हा केलं. तिचा उजवा हात मांडीवर होता आणि त्या हाताचा अंगठा आपोआप हलत होता, जणू मातीच दाबत होता. ते बघून शंकरप्पाचे हात थांबले.

"निंगव्वा," तो खाली बघत म्हणाला, "त्या दिशी बोट घातलं तवाच कळलं व्हतं मला. लई झ्याक केलं व्हतंस तू. बोलायला पायजे व्हतं मी."

निंगव्वानं उजवा हात डाव्या हातात घेतला.

"व्हय," ती म्हणाली. "तवा बोलला असता, तर हात धड व्हता तोवर आनखी केल्या असत्या मी."

ती रागानं बोलली नाही, म्हणूनच ते त्याला जास्त लागलं असावं. त्यानं पुढंही खूप प्रयत्न केले. काही कुंड्या टिकल्या, पुष्कळ फुटल्या, आणि आबासाहेब कंटाळून साध्या कुंड्या घेऊन गेले. निंगव्वाच्या हातची अशी शाबूत कुंडी मी एकटीच राहिले.

मी पुन्हा मथुराबाईंच्या गॅलरीत परतले. त्या वारल्यावर त्यांच्या खोलीत नवे भाडेकरू आले. कुशीतून पाणी गळतं म्हणून त्यांनी माझं भोक सिमेंटनं बुजवलं. मोगरा त्याच पावसाळ्यात कुजला. त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मित्रांनो, झाडाला पाणी घालाल तेव्हा जास्तीच्या पाण्याला वाट आहे ना, एवढं बघा. आणि तुमच्या घरात आई, आजी, बहीण, कुणीही मन लावून काही करत असेल, तर क्षणभर थांबून ते नीट पाहा. आवडलं, तर लाजू नका, उद्यावर टाकू नका. तिचे हात चालत आहेत तोवर तिला सांगा.