मेणाची बाई

माउलीला वाहायला मेणाचं बाळ हातात घेतलं की अख्ख्या रांगेला तुमच्या घरातलं कळतं. मेणाचा पाय घेतलेल्याला कोणी काही विचारत नाही. काळाचौकीहून मोतमाउलीच्या जत्रेला यायचं हे माझं तिसरं वर्ष, आणि तिन्ही वर्षं चर्चच्या चढाच्या तळाशी सासूबाईंनी माझ्या हातात बाळच दिलं. ज्याचं मागणं त्याने स्वतःच्या हाताने वाहायचं, हा त्यांचा नियम. मागणं मात्र त्याच ठरवतात.

"कितवं वर्ष?" पुढच्या बाईने विचारलंच.

"तिसरां," सासूबाई माझ्याआधी बोलल्या. "तीनदा गरोदर रवली, पण टिकलां नाय."

मग बाईने मला वैद्य सुचवला, खजूर सुचवले, उताणं झोपायला सांगितलं. मागून फोन घेऊन शूटिंग करणारी एक तरुणी आली. "ताई, बाळ जरा वर धरा ना. तुमचा चेहरा नाही दाखवत." सासूबाईंनी माझा हात धरून वर केला.

माझं डोकं फिरलं. तिसऱ्या खेपेला मूल गेलं तेव्हा परळच्या हॉस्पिटलात मला चार बाटल्या रक्त चढवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना आणि माझ्या नवऱ्याला, हितेंद्रला, समोर बसवून सांगितलं होतं, पुन्हा दिवस गेले तर हिच्या जिवाची खात्री नाही. दोघांनी माना डोलावल्या. सहा महिन्यांत घरात पुन्हा तोच विषय. हितेंद्र म्हणतो, "आईचं मन राख." मला भीती वाटते, हे त्याला दोनदा सांगून झालं.

मी बाळ सासूबाईंच्या हातात दिलं आणि बाजूच्या स्टॉलवर गेले. मेणाचे हात, डोळे, घरं, विमानंसुद्धा मांडलेली. मागे वीतभर उंचीची अख्खी बाई होती.

"ही द्या."

"कोण आजारी आहे?" स्टॉलवालीने कागद काढत विचारलं.

"मीच. गुंडाळू नका."

रांगेत परतले, तर सासूबाई माझ्या हातातल्या मेणाच्या बाईकडे बघतच राहिल्या. "ह्यां काय गो? आणि बाळ कोण वाहणार?"

"मागणं तुमचं आहे, आई. तुम्हीच वाहा."

"माज्या वयात? लोक हसतले."

"हसू दे. हसण्याने कोणी मरत नाही."

त्यांनी बाळ पदराखाली घेतलं. पण रांगेतल्या बायकांनी ते पाहिलं होतं, आणि आता त्या सासूबाईंकडे बघत होत्या. फोनवाली पुन्हा पुढे आली, तेव्हा मी स्वतःच बाई वर धरली आणि म्हटलं, "घ्या. चेहऱ्यासकट घ्या."

वर पोचल्यावर मी बाईला सगळ्या बाळांच्या मधोमध उभी केली. हात जोडले आणि सासूबाईंना ऐकू जाईल असं म्हणाले, "माउली, मला ठेव."

बाहेर उन्हात आलो. बाळ अजून सासूबाईंच्या पदराखालीच होतं.

"हितेंद्राक काय सांगू?"

"सांगा, अनुजाला जगायचंय. मूल नसलं तरी."